सात तलाव आणि आमच्या गल्लीची चावी

जुलै लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या साठ्याचा तो तक्ता येतो. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी, समोर टक्केवारी, आणि खाली कुणीतरी काका लिहिणार, ‘चला, यंदा टेन्शन नाही’. मग दोन-चार दिवसांत तुळशी ओव्हरफ्लो झाल्याची बातमी, सांडव्यावरून पाणी पडतानाचा व्हिडिओ, हात जोडलेले इमोजी. मला स्वतःला ह्या तक्त्याचं व्यसन आहे, सकाळी चहाबरोबर तो बघितल्याशिवाय करमत नाही, पण एकदा कॅलक्युलेटर घेऊन बसलो आणि मग त्या व्हिडिओचं कौतुकच गेलं.

तुळशीत मावतं ८,०४६ दशलक्ष लिटर. पालिका मुंबईला रोज पाणी देते साधारण ३,८५० ते ४,००० दशलक्ष लिटर. म्हणजे तुळशी काठोकाठ भरून वाहायला लागला की शहराची दोन दिवसांची सोय झाली, बस. विहार २७,६९८, त्याचा एक आठवडा धरा. सगळा भार आहे तो भातसावर, ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, एकूण साठ्याच्या जवळजवळ अर्धा. सातही मिळून १४,४७,३६३. भागाकार केला की ३६०-३७० दिवस येतात, आणि हे कागदावर, बाष्पीभवन वगैरे सोडून. म्हणजे १ ऑक्टोबरला सगळे तलाव शंभर टक्के असले तरी आपल्याकडे जेमतेम पुढच्या पावसापर्यंतचंच पाणी असतं, शिल्लक टाकायला काहीच नाही. म्हणून पाऊस दोन-तीन आठवडे रुसला की लगेच कपात. २०२० ला ऑगस्टमध्ये २० टक्के, २०२३ ला जुलैत १० टक्के, २०२४ ला आधी ५ आणि मग १० टक्के. २०२४ ला तर राज्य सरकारकडून भातसा आणि अप्पर वैतरणाच्या राखीव साठ्यातलं २,२८,१३० दशलक्ष लिटर मागून घेतलं तेव्हा पाऊस येईपर्यंत निभावलं. ही दोन धरणं मुळात पालिकेची नाहीतच, जलसंपदा खात्याची आहेत, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं.

पण आज तलावांबद्दल लिहायचं नाहीये. तलाव भरले की वर्षभर पाणी पुरेल का एवढंच कळतं. तुमच्या नळाला ते किती वाजता येईल, किती प्रेशरने येईल आणि तसंच्या तसं पिण्यासारखं येईल का, हे मधल्या शंभरेक किलोमीटरमध्ये ठरतं आणि त्याहून जास्त शेवटच्या शंभर मीटरमध्ये. आणि आपण भांडतो कशावर तर एकतर पावसावर नाहीतर नवीन धरणावर. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत पाणी बघतो (म्हणजे कुणालाच नको असलेलं खातं माझ्याकडे आहे), त्यामुळे ह्या विषयावर माझं डोकं थोडं जास्तच फिरतं, आधीच सांगून ठेवतो.

आता पाणी येतं कसं बघा. अप्पर वैतरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच खाली मध्य वैतरणात, तिथून मोडक सागरात, आणि मग तिथून मुंबईकडे. तानसाचंही तसंच, उतारावरून आपापलं येतं, पंप लागत नाही. ही करामत जुन्या इंजिनिअर लोकांची, शंभर किलोमीटर पाणी वीज न वापरता आणायचं म्हणजे किती बारकाईने लेव्हल काढल्या असतील विचार करा. भातसाचं मात्र वेगळं आहे. धरणातून सोडलेलं पाणी नदीने पिसे गावापर्यंत येतं, तिथे बंधाऱ्यावर अडवून पंपाने उचलायचं, पांजरापूरला शुद्ध करायचं, आणि पुढे. म्हणजे निम्मी मुंबई पिसेच्या विजेवर पाणी पिते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिसेच्या पंपिंग स्टेशनमध्ये ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि तलावात पाणी असूनही शहरात १५ टक्के कपात झाली ती ह्यामुळेच.

त्याच्या आदल्या वर्षीचा किस्सा तर अजून भारी आहे. ठाण्यात कुणीतरी बोअरवेल खणत होतं, आणि खाली शंभरेक मीटरवरून जातोय मुंबईच्या पाण्याचा बोगदा, साडेपाच मीटर व्यासाचा, भांडुप कॉम्प्लेक्सकडे येणारा पंधरा किलोमीटरचा. बोअर थेट बोगद्यात! ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर १५ टक्के कपात, कारण बोगदा रिकामा करून दुरुस्त करायचा तर पाणी दुसरीकडून वळवावं लागतं. कोट्यवधी लोकांचं पाणी एका बोअरवाल्याने कमी केलं, आणि त्याला तरी कुठे माहीत होतं म्हणा.

भांडुपचं फिल्टरेशन कॉम्प्लेक्स म्हणजे सगळ्याचं हृदय. एक प्लांट १,९१० दशलक्ष लिटरचा, दुसरा ९०० चा. पावसाळ्यात नदीतून चहासारखं पाणी येतं, त्यात तुरटीच्या जातीचं रसायन घालून गाळ खाली बसवतात, मग वाळूच्या थरातून गाळतात, मग क्लोरीन. मोठा प्लांट १९८० च्या आसपासचा, आता म्हातारा झालाय, म्हणून तिथेच नवीन २,००० दशलक्ष लिटरचा बांधायला घेतलाय. भांडुपहून पाणी शहरभरच्या टेकड्यांवरच्या टाक्यांमध्ये जातं, मलबार हिल, भंडारवाडा, पाली हिल, वेरावली, मालाड, गोलंजी, ट्रॉम्बे, अशा २५-३० सेवा जलाशयांमध्ये. हँगिंग गार्डनमध्ये म्हातारीच्या बुटात चढून फोटो काढले असतील ना सगळ्यांनी लहानपणी, तो म्हातारीचा बूट शेजारच्या बागेत, पण हँगिंग गार्डन स्वतः उभं आहे ते पाण्याच्या टाकीच्या छतावर. १४७ दशलक्ष लिटरची टाकी आहे तिथे, १३५ वर्षांहून जुनी. ती पाडून नवीन बांधायचा प्लॅन होता, ३८९ झाडं जाणार होती, लोकांनी चांगलाच गोंधळ घातला, मग आयआयटी रुरकीचा रिपोर्ट आला की दुरुस्तीने भागेल, आणि २०२४ मध्ये तो प्लॅन बारगळला. मला हे प्रकरण आवडलं कारण पहिल्यांदाच कुलाब्यापासून ग्रँट रोडपर्यंतच्या लोकांना कळलं की आपलं पाणी कुठून येतं.

जुना इतिहास थोडा सांगतो, मग पुढे जातो. आधी मुंबईत तळी आणि विहिरीच होत्या. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं उगाच नाहीत. १८५० च्या दशकात दुष्काळ पडला, तळी आटली, आणि कॉनीबेअर नावाच्या इंजिनिअरने मिठी नदी अडवून विहार बांधला, १८६० मध्ये पाणी आलं. मग १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा. नंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या भीतीने शहरातल्या बहुतेक विहिरी आणि तळी बुजवून टाकली. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर राहिली, १७२५ ची, पारशी लोकांनी जपली म्हणून. १९५७ ला मोडक सागर, आणि त्याचं नाव मोडक हे पालिकेचे इंजिनिअर एन. व्ही. मोडक यांच्यावरून आहे. धरणाला इंजिनिअरचं नाव! आता असं होत नाही, मध्य वैतरणाला बाळासाहेब ठाकरेंचं नाव दिलंय. असो. ते मध्य वैतरणा २०१४ ला सुरू झालं, १०२ मीटर उंच, रोजचे ४५५ दशलक्ष लिटर वाढले.

ह्या सगळ्या यादीत एक गोष्ट दिसते की प्रत्येक वेळी शहर तहानलं की आपण अजून लांब गेलो. बोरिवलीचं जंगल, मग शहापूर, मग मोखाडा-इगतपुरी. १९९४ ला माधव चितळे समितीने सांगितलं होतं की मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ ह्या क्रमाने बांधा. मध्य वैतरणा झालं. आता गारगाईची गडबड आहे. वाडा तालुक्यात ओगदा गावाजवळ, ४४० दशलक्ष लिटर रोज मिळणार, पण बुडणारा बराच भाग तानसा अभयारण्यातला, झाडं लाखांत जाणार, गावं उठणार. मध्ये एकदा हे बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प पुढे आणला होता. दोन्ही फायली वर्षानुवर्षं पुढे-मागे होतायत.

आता माझा मुद्दा. शहरात सोडलेल्या पाण्यातलं पाव भागापेक्षा जास्त पाणी गळती आणि चोरीत जातं. अगदी कमीत कमी धरलं, पाव भाग, तरी ३,९०० चा पाव म्हणजे ९७५ दशलक्ष लिटर. रोज. म्हणजे दोन गारगाई आपण रस्त्याखाली जिरवतोय किंवा कुणीतरी मीटरच्या आधी ओढून घेतंय, आणि एका गारगाईसाठी जंगल बुडवायला निघालोय. गळती शून्य होत नाही हे मलाही कळतं, जगात कुठेच होत नाही, पण निम्मी जरी कमी केली तरी एक धरण झालं की.

मग ती कमी का होत नाही? कारण धरणाचं उद्घाटन करता येतं. गळतीला रिबन कुठे बांधणार? रात्री दोन वाजता एक माणूस रस्त्याला कान लावून, म्हणजे ते साउंडिंग रॉड नावाचं दांडकं असतं ते लावून, खाली पाणी सूं सूं करतंय का ऐकत फिरतो, ह्याचा फोटो कोण छापणार. आणि मुंबईत ते ऐकूही येत नाही धड, कारण जमिनीखाली केबल, गॅस, गटार, मेट्रो, आणि वर काँक्रीटचा रस्ता. पाणी वर येऊन दिसायच्या आधी शेजारच्या नाल्यात निघून जातं. शिवाय आपल्याकडे पाणी दिवसातून काही तासच असतं, त्यामुळे गळती शोधायला पण तेवढेच तास.

हे काही तासांचं प्रकरण जरा नीट सांगतो कारण इथेच खरी गोम आहे. मुंबईला दिवसभर सगळीकडे एकदम पाणी देत नाहीत. शहराचे शेकडो छोटे झोन केलेत, प्रत्येकाची वेळ ठरलेली, कुणाला पहाटे चार ते साडेसहा, कुणाला संध्याकाळी, कुणाला रात्री अकराला. आणि हे झोन उघडतो-बंद करतो तो चावीवाला. हातात टी-आकाराची लांब लोखंडी चावी, गाडीतून उतरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली घालायची आणि आटे मोजत फिरवायची. पुढचं झाकण. कॉम्प्युटर, सेन्सर सगळं आलंय आता पण शेवटच्या टप्प्यात अजूनही माणूसच आहे, आणि त्याच्या डोक्यात जो नकाशा असतो तो कुठल्याही ऑफिसच्या भिंतीवर नसतो.

आमच्या गल्लीत जे येतात त्यांच्याशी पहाटे दूध आणायला गेलो की बोलणं होतं. एकदा मी आपला शहाणपणा करत विचारलं, अहो, वरच्या बिल्डिंगला पाणी चढत नाहीये तर अजून थोडी खोला ना. ते म्हणाले, “साहेब, दोन आटे जास्त दिले तर तुमच्याकडे चढेल, पण खालच्या चाळीत त्या वेळेला फक्त हवा येईल. त्या बायका मला ओळखतात, तुम्ही नाही भेटलात तरी चालेल, त्या मला रोज भेटतात.” एवढं साधं इंजिनिअरिंग मला कुणी समजावलं नव्हतं. पाणी तेवढंच आहे, प्रेशर तेवढंच आहे, एकाला जास्त म्हणजे दुसऱ्याला कमी. मग लोक काय करतात तर लाईनीला डायरेक्ट बूस्टर पंप लावतात, तो बेकायदेशीर आहे हे सगळ्यांना माहितीये, आणि एकाने लावला की शेजारच्याला लावावाच लागतो कारण आता त्याच्याकडे येतच नाही.

आणि बंद-चालू पाण्याचा अजून एक तोटा आहे जो कुणी बोलत नाही. पाइपात पाणी प्रेशरने भरलेलं असतं तेव्हा फटीतून ते बाहेर येतं, म्हणजे नुकसान आहे पण घाण आत जात नाही. पाणी बंद झालं, पाइप रिकामा व्हायला लागला की उलटं होतं, त्याच फटीतून बाहेरची ओल, शेजारच्या फुटक्या गटाराचं पाणी, स्ट्रॉने ओढल्यासारखं आत जातं. मग पहाटे पाणी सुटलं की पहिली पाच-दहा मिनिटं जे गढूळ, वासाचं येतं ते हेच. भांडुपला कितीही शुद्ध करा, शेवटच्या गल्लीत परत घाण होणार. चोवीस तास पाणी पाहिजे ते चैन म्हणून नाही, पाइप सतत भरलेला राहावा म्हणून. पालिकेने २०१४ च्या सुमारास वांद्रे-खार आणि मुलुंड, हे दोन विभाग घेऊन चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू केला होता. मुलुंडच्या काही भागात जमलं, पण शहरभर काही पसरला नाही. लोकांनाही पटत नव्हतं, चोवीस तास आलं तर सगळे उधळतील असं वाटायचं. मला उलट वाटतं. आमच्या आईला विचारा, पाणी जायच्या आधी पिंप, कळशी, तपेली, बादल्या, सगळं भरून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी ताजं आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतून द्यायचं. ज्याला खात्री आहे तो साठवत नाही.

बरं, हे सगळं ज्यांच्या घरात नळ आहे त्यांचं. मुलुंडपासून धारावीपर्यंत तानसाच्या मोठ्या लाईनी जातात त्यांच्या दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं वस्ती होती, लोक पाइपावर कपडे वाळत घालायचे, पोरं त्यावर खेळायची, आणि त्याच लाईनीचं पाणी त्यांना अधिकृतपणे मिळायचं नाही. हायकोर्टाने सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंना दहा मीटर मोकळे करायला सांगितलं, बऱ्याच लोकांना माहुलला पाठवलं, रिफायनरीच्या शेजारी, आणि मग तिथल्या हवेवरून परत कोर्ट. लाईनीच्या बाजूने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक करायचं ठरलं होतं. ह्या विषयावर एक वेगळं लिहायला पाहिजे. इथे एवढंच की झोपडपट्टीतल्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीच्या केसमध्ये डिसेंबर २०१४ ला हायकोर्टाने स्पष्ट सांगितलं की झोपडी बेकायदेशीर असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, आणि २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं. त्याआधी ह्या लोकांनी पाणी प्यायलं नाही असं थोडीच आहे. विकत घेतलं, हंड्यावर, आणि लिटरमागे बिल्डिंगवाल्यापेक्षा कितीतरी जास्त देऊन.

पैशांवरून आठवलं. पालिकेच्या पाण्याचा घरगुती दर हजार लिटरला साधारण सहा-साडेसहा रुपये. हजार लिटरला! दुकानात पाण्याची एक बाटली ज्या पैशात घेतो तेवढ्यात पालिकेचं हजारो लिटर येतं. माणशी दीडशे लिटरच्या वर गेलात की पुढच्या टप्प्याला दुप्पट, मग तिप्पट असा दर चढतो, पण मुळात आकडाच इतका छोटा आहे की आमच्या मेंटेनन्स बिलात तो कुणाच्या डोळ्यात भरत नाही. टँकरचं बिल मात्र मीटिंगमध्ये अर्धा तास खातं. दहा हजार लिटरला दीड-दोन हजार, मे महिन्यात त्याहून वर. एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी भूजलाच्या परवानग्यांवरून संप केला तेव्हा कळलं की किती सोसायट्या, हॉटेलं, बांधकामं त्यांच्यावर उभी आहेत, शेवटी पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा काढून टँकर ताब्यात घेतो म्हणावं लागलं.

माझी आत्या शहापूर तालुक्यात दिलीये. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण पेपरवाल्यांनी घासून गुळगुळीत केलीये पण एप्रिलमध्ये तिच्याकडे जाऊन बघा. भातसा, तानसा, मोडक सागर सगळं त्या तालुक्यात नाहीतर त्याच्या अंगाला, आणि उन्हाळ्यात शेजारच्या पाड्यांवर टँकर. टँकर आला की तो विहिरीत ओतायचा आणि बायकांनी विहिरीतून शेंदायचं. का, तर पाणी खाली दरीत आणि पाडे वर टेकडीवर, आणि तिथे पंप-पाइप कुणी टाकायचा हा प्रश्न गेली कित्येक वर्षं सरकारी योजनांमध्ये फिरतोय. आत्याचे यजमान म्हणतात, “तुमचं पाणी आमच्या दारावरून जातं रे, आम्ही फक्त आवाज ऐकतो.” मी काय बोलणार, चहा पितो. पण गारगाईचं नाव काढलं की मला तिथले चेहरे दिसतात हे खरं.

आणि गंमत म्हणजे अजून एक धरण आपल्या पायाखालीच आहे. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप, वर्सोवा, ह्या सात ठिकाणी सांडपाण्याचे नवे प्लांट चाललेत, एकूण २,४६४ दशलक्ष लिटर रोजचे. ते पाणी साफ करून शेवटी समुद्रात आणि खाडीत सोडायचं. त्यातला काही भाग आणखी एक पायरी शुद्ध करून फ्लश, बागा, बांधकाम, रिफायनऱ्या, रेल्वेचे डबे धुणं ह्याला दिला तर तेवढं वैतरणेचं पाणी सुटतं की नाही? कुलाब्याला छोट्या प्रमाणात असं करतात. लोकांना ‘गटाराचं पाणी’ म्हटलं की शिसारी येते, पण मी प्या म्हणतच नाहीये. आज आपण सह्याद्रीच्या पावसाचं, भांडुपला गाळून क्लोरीन घातलेलं, शंभर किलोमीटर आणलेलं पाणी संडासात ओततोय, शिसारी त्याची यायला हवी.

पावसाचं पाणी साठवायचा नियम २००२ पासून आहे, आधी मोठ्या प्लॉटना, २००७ ला छोट्या प्लॉटनाही लागू केला. कितीतरी ठिकाणी एक खड्डा, त्यावर जाळी, ओसी (बिल्डिंगमध्ये राहायच्या परवानगीचा दाखला) मिळाली की विषय संपला. गच्चीचं पाणी सरळ वेगळ्या टाकीत घेऊन चार महिने फ्लशला वापरणं जास्त सोपं आहे, पण त्याला दोन वेगळ्या पाइपलाइन लागतात आणि जुन्या बिल्डिंगमध्ये ती तोडफोड कुणालाच नको असते. आमच्याकडेही हा ठराव दरवर्षी ‘पुढच्या एजीएमला’, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला, जातो.

आता आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं ते मशीन. ह्यावर माझी सगळ्यांशी भांडणं होतात. मुंबईचं पाणी पावसाचं, तलावातलं, एकदम हलकं. आमच्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर लावला की शंभराच्या आत दाखवतो. आरओ बनलाय तो खारट-जड पाण्यासाठी, बोअरच्या पाण्यासाठी. हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला. आणि तरी आपण मुंबईत घरोघरी आरओ लावून एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर बेसिनमध्ये सोडतो. गढूळ आणि जंतू ही भीती असेल तर साधा फिल्टर आणि यूव्ही पुरे, पावसाळ्यात पालिका सांगते तसं उकळून गाळून घ्या, विषय संपला. शेजारच्या वहिनींना हे सांगितलं तर म्हणाल्या, अहो पण त्यात मिनरल्स पण घालतात. आधी काढायचे, मग विकत घालायचे! विकणाऱ्याला मानलं.

एवढं सगळं शहाणपण शिकवल्यावर आमच्या बिल्डिंगचा हिशोब सांगतो, कारण तो कुणालाही करता येतो. पालिकेच्या बिलावर युनिट असतात, एक युनिट म्हणजे हजार लिटर. बिलाचे एकूण लिटर भागिले दिवस भागिले राहणारी माणसं, कामाला येणाऱ्या मावश्या आणि वॉचमन धरायचे असतील तर थोडे वाढवा. आमचा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा दीडशेच्या बराच वर आला. माणसं तर एवढं पाणी वापरत नाहीत, मग जातं कुठे? सक्शन टँकचा (पालिकेचं पाणी आधी जमा होतं ती खालची टाकी) बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा नळ, गेला होता, पहाटे पाणी आलं की टाकी भरून वरचं सरळ गटारात, आणि ते अंधारात कुणाला दिसायचं नाही. मीटर मात्र सगळं मोजत होता. दुसरं, फ्लश. जुन्या टाक्या एका वेळेला दहा-बारा लिटर सोडतात, आणि त्यातल्या निम्म्या आतल्या आत गळतात, आवाजही येत नाही. त्यात थोडा खायचा रंग टाकायचा, अर्धा तास कुणी जायचं नाही, भांड्यात रंग उतरला की वायसर गेलाय. आमच्याकडे होळी होऊन गेल्यावर उरलेला रंग वापरून हे केलं, प्रत्येक मजल्यावर एक-दोन तरी निघाले. वायसर किती रुपयांचा असतो सगळ्यांना माहितीये. नळांना ती जाळीची टोपी लावली, धार तीच वाटते पण पाणी कमी जातं. एका काकांनी आठ दिवसांत काढून टाकली, म्हणाले बादली भरायला वेळ लागतो. त्यांचं बरोबर आहे, बादलीवाल्या नळाला ती लावायचीच नसते, बेसिनला लावायची.

आता आकडा दीडशेच्या खाली आलाय आणि गेल्या उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला नाही, चावीवाल्यांनी एकही आटा जास्त न देता. तुमच्या बिल्डिंगचा दोनशेच्या वर येत असेल तर आधी सक्शन टँकपाशी पहाटे पाणी यायच्या वेळेला टॉर्च घेऊन उभे राहा, मग फ्लशमध्ये रंग टाका, आणि तरी नाही सापडलं तर रात्री सगळ्या टाक्यांचे वॉल्व्ह बंद करून पाण्याच्या वेळेत मीटरचा काटा फिरतोय का बघा. फिरत असेल तर मीटर आणि टाकीच्या मधली लाईन फुटलीये, ती खोदायला लागेल, आणि खोदायचा खर्च कुठल्या फंडातून ह्यावर एजीएमला वेगळं भांडण ठेवा.